वाचनालयाची वेबसाइट स्वतः करायची आहे, वर्डसारखा एडिटर कुठला घ्यावा?

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात क वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी ग्रंथपाल नाही, कार्यकारिणीत आहे. म्हणजे ज्या कामांना कुणी वाली नाही ती सगळी माझ्याकडे येतात. चार वर्षांपूर्वी एकाकडून वेबसाइट करून घेतली होती. त्याने पैसे घेतले, पाच पानं लावली आणि दुसऱ्या वर्षापासून फोन उचलणं बंद केलं. आता त्या पत्त्यावर कसल्यातरी ऑनलाइन पत्त्यांच्या डावाची जाहिरात येते. मासिक सभेत विषय निघाला आणि मी बोलून गेले, "जाऊ द्या, मीच करते." लगेच जीभ चावली, पण तोवर इतिवृत्तात नोंद झाली होती.

हवं ते फार नाही. एक पहिलं पान, वेळा आणि वर्गणीचं एक, नवीन पुस्तकांच्या यादीचं एक (हे दर महिन्याला बदलणार) आणि व्याख्यानमालेच्या फोटोंचं एक. सगळं मराठीत. संगणक वाचनालयाचाच, जुना, विंडोज १० आणि ४ जीबी रॅम. मला वर्ड आणि एक्सेल बरं येतं. एचटीएमएल (वेबची पानं लिहायची भाषा) शून्य. भाच्याने शिकवणीचे व्हिडिओ पाठवले. तीन बघितले, तिसऱ्यात तो मुलगा काळ्या पडद्यावर काहीतरी इन्स्टॉल करत होता, तिथे मी थांबले.

वर्डमध्ये लिहितो तसं लिहायचं आणि ते पान म्हणून उमटायचं, असा प्रोग्राम असतो ना? फुकट हवा आणि नेट गेलं तरी चालायला हवा. पावसाळ्यात आमच्याकडे नेट असलं तर सण.

माऊ

"इतिवृत्तात नोंद झाली" 😂 वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). मलाही आईच्या खानावळीसाठी करायचं आहे.

घाटावरचा

गूगल साइट्स. अर्ध्या तासात काम होतं, फुकट आहे, मोबाइलवर नीट दिसतं. कशाला डोक्याला ताप?

वाचनालयवाली

घाटावरचा, ते बघितलं, सोपं आहे खरं. पण मागच्या वेळी सगळं दुसऱ्याच्या हातात होतं आणि आमच्याकडे एक फाइलसुद्धा उरली नाही. या वेळी पानं आमच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर असावीत अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. (माझीही.)

जुना_खेळिया

ताई, तुम्ही मागताय ती वस्तू एकेकाळी घरोघरी होती. फ्रंटपेज आठवतंय का कुणाला? व्हर्मीर नावाच्या छोट्या कंपनीने १९९५ मध्ये काढलं आणि १९९६ उजाडतो न उजाडतो तोच मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. मी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून जिओसिटीज या फुकट जागा देणाऱ्या साइटवर पानं चढवली आहेत. निळ्यावर पिवळी अक्षरं, वर सरकती पट्टी, तळाला पाहुण्यांचा आकडा. २००९ च्या ऑक्टोबरात याहूने जिओसिटीज बंद केलं आणि माझी सगळी पापं एका रात्रीत धुतली गेली.

मुद्द्यावर येतो. ड्रीमवीव्हर १९९७ पासून आहे, पण आता भाड्याने मिळतं, तुमच्या कामाला ते म्हणजे ओल्या काजूगरांच्या भाजीला मिक्सर-ग्राइंडरची फॅक्टरी. फुकटातलं मोठं घराणं नेटस्केपचं. नेटस्केप ब्राउझरबरोबर कंपोजर नावाचा एडिटर यायचा, तो पुढे मोझिलाकडे आला. त्यातून डॅनियल ग्लाझमान या फ्रेंच गृहस्थांनी एन्व्हू काढला, त्याची १.० आवृत्ती २००५ ची. एन्व्हूमधल्या चुका दुरुस्त करून दुसऱ्यांनी काँपोझर (नाव जवळचं, प्रोग्राम वेगळा) चालवला. ग्लाझमान यांनी पुढे ब्लूग्रिफॉन नव्याने लिहिला. जालावर शोधलंत तर अजूनही "नवशिक्यांसाठी काँपोझर" असे लेख सापडतील. नादी लागू नका, त्याची शेवटची चाचणी आवृत्ती २०१० ची आहे. ब्लूग्रिफॉनचं कामही थांबलेलं आहे.

मूळ घराचा एक वारस मात्र टिकून आहे: सीमंकी. एकाच प्रोग्रामात ब्राउझर, मेल आणि कंपोजर. मंडळी कमी आहेत, पण अजून नवी आवृत्ती काढतात. तुमच्या ४ जीबीत आरामात चालेल, नेट लागणार नाही. दोष आधीच सांगून ठेवतो. तो एचटीएमएल ४.०१ च्या काळातलं लिहितो. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये प्रमाण झाली, तिची त्याला फारशी ओळख नाही. चार पानांना अडणार नाही, पण दोन-तीन ओळी हाताने घालाव्या लागतील. त्या वेळ आल्यावर बघू.

उतरवण्याआधी एक काम करा, आणि हे खरं महत्त्वाचं. डेस्कटॉपवर नाही, डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा. नाव इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, मध्ये मोकळी जागा नाही. त्याच्या आत फोटोंसाठी दुसरं फोल्डर. वेबसाइटचं जे काही आहे ते सगळं या एका फोल्डरात, बाहेर काही नाही. उद्या हेच फोल्डर उचलून सर्व्हरवर ठेवायचं आहे. पहिल्या पानाच्या फाइलीचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, इंग्रजीत. कुणी नुसता पत्ता टाकला की सर्व्हर याच नावाची फाइल शोधतो. "वाचनालय मुख्य पान फायनल २" असं नाव दिलंत तर त्याला सापडायचं नाही.

आणि कोरं पान उघडलं की एक अक्षरही लिहिण्याआधी ते सेव्ह करा. का, ते तुम्हाला तीन दिवसांत कळेल.

कंसातला

काकांबद्दल आदर ठेवून असहमत. असल्या एडिटरना इंग्रजीत म्हणतात, जे दिसतं तेच मिळतं. आपल्याकडे शंभर वर्षं आधीच उत्तर तयार आहे: दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. तुम्ही माउसने फोटो ओढून लहान केलात की तो मागे रुंदी ८१२ पिक्सेल, उंची ६०९ पिक्सेल असं कोरून ठेवतो. तुमच्या पडद्यावर सुंदर, फोनवर अर्धा फोटो बाहेर. हेडिंग मोठं केलं की नुसता फॉन्टचा आकार वाढवतो, ते शीर्षक आहे हे ब्राउझरला कळतच नाही. मग ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा वाचक जेव्हा स्क्रीन रीडरने पान ऐकतो तेव्हा त्याला शीर्षकांवरून उड्या मारता येत नाहीत.

ताई, चार पानांना सात-आठ टॅग पुरतात, म्हणजे कुठला मजकूर काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा. शीर्षक, परिच्छेद, दुवा, चित्र, यादी, तक्ता. नोटपॅडमध्ये लिहा. एका रविवारचं काम आहे.

माऊ

एका रविवारचं काम तुमचं, दादा. तिसऱ्या व्हिडिओला थांबलेल्यांचं नव्हे.

जुना_खेळिया

कंसातला, तुमचा फोटोचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. हेडिंगचाही. फक्त त्यात एडिटरचा दोष निम्माच आहे. कंपोजरमध्ये डाव्या हाताला एक खाली उघडणारी यादी असते, तिच्यातून "हेडिंग १" निवडलं तर खरं शीर्षक होतं. लोक ती सोडून "अ" मोठा करायच्या बटणावर जातात. वर्डमध्येही आपण हेच करतो. स्टाइल्स वापरणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण "हातानेच लिहा" ही सक्ती मला कधी पटली नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर केला तोच एडिटरही होता. वाचता वाचता तिथेच लिहायचं, अशी मूळ कल्पना. हाताने टॅग लिहिणं ही नंतर अंगवळणी पडलेली गोष्ट, कारण पुढचे ब्राउझर फक्त वाचणारे निघाले.

ताईंसाठी मधला मार्ग: कंपोजरच्या तळाशी चार टॅब असतात. नॉर्मल, एचटीएमएल टॅग्ज, सोर्स, प्रिव्ह्यू. काम नॉर्मलमध्ये करा, पण दर वेळी उठायच्या आधी सोर्सवर, म्हणजे पानामागच्या टॅगांवर, एक नजर टाका. काही बदलू नका, फक्त बघा. महिनाभरात आपोआप ओळख होते.

वाचनालयवाली

तीन दिवस नाही लागले, काका. एकाच दिवसात कळलं.

सीमंकी घातलं. पहिलं पान झालं. इमारतीचा फोटो, वेळा, वर्गणी. माझ्या संगणकावर इतकं छान दिसलं की ग्रंथपालबाईंना बोलावून दाखवलं. मग फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन घरी गेले आणि घरच्या लॅपटॉपवर उघडलं. मजकूर आहे, फोटोच्या जागी फुटक्या कोपऱ्याची चौकट. सोर्स उघडून बघितला (तुम्ही म्हणालात म्हणून) तर फोटोच्या ओळीत फाइल, दोन टिंबं, तीन तिरक्या रेघा, सी, यूजर्स, मग वाचनालयाच्या संगणकाचं नाव, डाउनलोड्स, आणि व्हॉट्सॲपने दिलेलं ते लांबलचक नाव. हे काय आहे?

कंसातला

हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना खड्डा आहे. प्रत्येक जण एकदा पडतो, मी दोनदा पडलो. तुमच्या पानाने फोटोचा पत्ता "अमुक संगणकाच्या सी ड्राइव्हमधल्या डाउनलोड्समध्ये" असा लिहून ठेवलाय. तो पत्ता फक्त त्या संगणकावर खरा. घरच्या लॅपटॉपला तो सी ड्राइव्ह कुठून दिसणार? सर्व्हरला तर अजिबात नाही. पत्ता असा हवा: "माझ्या शेजारच्या इमेजेस फोल्डरमधला वास्तू डॉट जेपीजी." शेजाऱ्याच्या घराचा पत्ता आपण देश-राज्य-जिल्ह्यापासून सांगत नाही, "आमच्या बाजूचं घर" म्हणतो. हे तसंच.

जुना_खेळिया

आणि आता कोरं पान आधी सेव्ह करायला का सांगितलं ते. फोटो घालायच्या खिडकीत पत्त्याच्या खाली एक चौकोन असतो, "पत्ता पानाच्या जागेच्या संदर्भाने" अशा अर्थाचा. पान एकदाही सेव्ह झालेलं नसेल तर तो चौकोन मेलेला असतो, टिचकी लागतच नाही. बरोबरच आहे, पानाला स्वतःलाच घर नाही तर बाजूचं घर कुठलं? आधी फोटो इमेजेस फोल्डरात आणा, मग पान सेव्ह, मग फोटो घाला आणि चौकोनात खूण आहे ना बघा. त्याच खिडकीत पर्यायी मजकूर मागतील, तो भरा. "वाचनालयाची इमारत, समोरून" एवढं पुरे. कंसातला ज्या स्क्रीन रीडरचं म्हणाला त्याच्यासाठीच तो आहे.

फोटोंची नावं बदला. छोटी इंग्रजी अक्षरं, जागा नाही, कंस नाही. कॅमेऱ्याचं कॅपिटल जेपीजी असेल तर तेही छोटं करा. विंडोजला लहान-मोठं अक्षर एकच वाटतं, सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतो आणि त्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात. तुमच्याकडे फोटो दिसणार, चढवल्यावर गायब. रात्री दोन वाजता केस उपटायला लावणारा दोष आहे हा.

भटकभवानी

फोटो थेट फोनमधून घालू नका, हेही सांगून ठेवते. हल्लीच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चार-पाच एमबीचा. एडिटरात तो ओढून पोस्टाच्या तिकिटाएवढा केलात तरी येणाऱ्याला अख्खे पाच एमबीच उतरवावे लागतात, लहान फक्त दिसतो. व्याख्यानमालेचे वीस फोटो म्हणजे शंभर एमबी. तुमच्या गावच्या पावसाळी नेटवर पुढची व्याख्यानमाला येईल तरी पान उघडायचं नाही. विंडोजच्या पेंटमध्येच रिसाइझ आहे. रुंदी १२०० करा, दोनशे-तीनशे केबीत येतो.

वाचनालयवाली

फोटो झाले! धन्यवाद सगळ्यांना. आता नवीन भानगड, दोन भानगडी.

एक, सोर्समध्ये माझं मराठी दिसतच नाही. सगळीकडे आणि-चिन्ह, मग जाळीसारखं चिन्ह, मग २३५०, २३५२, २३६६ असे आकडे. पान मात्र मराठीच दिसतं. हे चालेल का?

दोन, पुस्तकांची यादी. आमच्याकडे ६००० पुस्तकांची यादी आहे, पण ती २००४ साली एका बाईंनी त्या वेळच्या मराठी फॉन्टमध्ये टंकली होती. कंपोजरमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि कसलीतरी चिन्हं येतात. त्या संगणकात तो फॉन्ट आहे, तो लावला की मराठी होतं. पानालाही तो फॉन्ट लावून टाकू का?

टंकदोष

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नका, नका, नका! येणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर त्याला कचरा दिसेल. नव्वदीच्या अखेरीस मराठी वर्तमानपत्रांच्या साइट बघायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, आठवतं का? तो हाच प्रकार. त्या फाइलीत मराठी नाहीच. त्यात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आहेत आणि फॉन्टने त्या क्रमांकांवर मराठी मुखवटे चढवलेत. शोधयंत्रालाही त्यात "ययाति" सापडणार नाही, त्याला तिथे इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

यादी युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) बदलून घ्या. जालावर फॉन्टनिहाय परिवर्तक आहेत, मात्र तुमच्या फॉन्टचं नाव नक्की जुळलं पाहिजे. बदलल्यावर डोळ्यांत तेल घालून दोन जागा तपासा. पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची कारण ती डावीकडे दिसते, युनिकोडात ती व्यंजनानंतर साठवतात. रफार उलट: "सूर्य" मध्ये जुन्या पद्धतीने आधी य मग वर रफार, युनिकोडात आधी र्, मग य. परिवर्तक गडबडतात ते इथेच, विशेषतः "स्थिती", "मूर्ती" अशा जोडाक्षरांत. ६००० नोंदी एकदम करू नका. नवीन पुस्तकांचीच यादी हवी ना? तेवढी करा.

आता आकडे. २३५० म्हणजे युनिकोडातला म, २३५२ र, २३६६ काना. पुढे २३३६ आणि २३६८ असेल, म्हणजे "मराठी". तुमचं पान पश्चिम युरोपीय एन्कोडिंगमध्ये (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) सेव्ह होतंय. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून एडिटर बिचारा प्रत्येक अक्षराचा क्रमांक लिहून ठेवतो. ब्राउझरला ते समजतं, त्यामुळे दिसण्यात चूक नाही. पण यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट घेतं, या आकड्यांच्या रूपात सात. आणि मुख्य म्हणजे काकांनी सांगितलेली सोर्सवरची नजर टाकून तुम्हाला काय कळणार, तार खात्यात नोकरी असल्यासारखं? फाइल मेनूत "सेव्ह अँड चेंज कॅरेक्टर एन्कोडिंग" आहे, तिथे यूटीएफ-८ निवडा. प्रत्येक पानासाठी एकदा.

वाचनालयवाली

केलं. आता सोर्समध्ये मराठी वाचता येतं. रागावू नका, पण सोर्स वाचायला मजा येते आहे. काल एका परिच्छेदात सात रिकामे ओळ-तोड टॅग सापडले. मीच एंटर मारत बसले होते.

कंसातला

सुरुवात अशीच होते, ताई. 🙂

टंकदोष

अवांतर होईल, पण सोर्स उघडलाच आहात तर एक मागणं. अगदी वर जिथे एचटीएमएल हा टॅग सुरू होतो, तिथे लँग बरोबर एमआर असं घाला. (कोनी कंस इथे टाकले की या धाग्याचं सॉफ्टवेअर गिळून टाकतं म्हणून असं बोलीभाषेत लिहितोय. तुम्ही अर्थात इंग्रजीत लिहा.) त्याने ब्राउझरला कळतं की हे मराठी आहे. नाहीतर देवनागरी दिसली की हिंदी समजायची सगळ्यांना सवय. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो मग आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतो. स्क्रीन रीडरही मराठी आवाज निवडतो. फॉन्ट बाहेरून घ्यायचा असेल तर टायरो देवनागरी फुकट आहे, त्याची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता पडद्यावर वाचायला स्वच्छ.

आणि कुणी कितीही सांगितलं तरी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते देखणं दिसतं, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, दीडपट तरी. वर रफार आणि मात्रा, खाली उकार, दोघांनाही श्वास घ्यायला जागा लागते.

माऊ

"दात पडल्यासारखा शब्द" 🙏 दंडवत. खानावळीच्या पाटीवर हेच झालंय, आत्ता कळलं.

घाटावरचा

सगळं ठीक, पण मोबाइलचं काय? गावात संगणकावर कोण बघणार ते पान?

जुना_खेळिया

हां, हा खरा प्रश्न. हाताने घालायची दुसरी ओळ म्हणतो ती हीच. फोनचा ब्राउझर असं धरून चालतो की पान संगणकासाठी आहे. म्हणून तो ते ९८० पिक्सेल रुंद मांडतो आणि मग दाबून पडद्यात बसवतो. म्हणून अक्षरं मुंगीएवढी. हेड टॅगच्या आत मेटा नावाची एक ओळ घालायची: नाव व्ह्यूपोर्ट, मजकूर विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ. एवढ्याने अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं, चित्रांना कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची आपोआप अशी सूचना. ती स्टाइलमध्ये एकदा लिहिली की सगळ्या चित्रांना लागू. पण ताई, माउसने ओढून आकार दिलेले जे आकडे कंसातलाने सांगितले ते सोर्समधून काढावे लागतील, नाहीतर फोटो तसेच चेपलेले दिसतील.

आणि तक्ते. पानाची मांडणी करायला तक्ता वापरलाय का? डावीकडे मेनू, उजवीकडे मजकूर?

वाचनालयवाली

...हो. वर्डमध्ये तसंच करतात ना?

जुना_खेळिया

आमच्या वेळी सगळं जग तसंच करायचं, लाज वाटून घेऊ नका. पण फोनवर तक्ता आकसत नाही, बाहेर सांडतो. मेनू वर घ्या, चार दुवे एका ओळीत. खाली मजकूर सरळ उभा. तक्ता ठेवायचा तो फक्त वेळापत्रकाला, कारण ते खरोखरच तक्ता आहे.

कंसातला

वर्डमधून काही उचलून चिकटवलं असेल तर तेही सांगा. वर्ड आपल्यासोबत स्वतःच्या स्टाइलचं गाठोडं आणतो, एका परिच्छेदामागे दहा ओळी. कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने चिकटवा, फक्त मजकूर येतो.

वाचनालयवाली

सांगायला उशीर केलात दादा. तीन पानं पुन्हा केली. दुसऱ्यांदा निम्मा वेळ लागला, ते एक बरं.

आता चढवायचं कुठे? आणि जुना पत्ता परत मिळेल का?

भटकभवानी

जुना पत्ता विसरा. तुमचा तो माणूस डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन बसला असणार, नूतनीकरण केलं नाही, ते सुटलं आणि जुगारवाल्यांनी उचललं. जुन्या पत्त्याला आधीच कुठून कुठून दुवे असतात म्हणून अशी डोमेनं ते शोधतच असतात. आमच्या मंडळाचंही हेच झालं होतं. नवं घेताना तीन गोष्टी बघा: नोंदणी वाचनालयाच्या नावावर, ईमेल वाचनालयाचा (सचिवांचा खासगी नको, सचिव बदलतात), आणि दुसऱ्या वर्षीचा दर. पहिल्या वर्षाचा दर म्हणजे सासूने पहिल्या दिवशी केलेलं कौतुक.

घाटावरचा

डॉट भारत घ्या की, देवनागरीत. २०१४ पासून मिळतं.

टंकदोष

मला स्वतःला डॉट भारत फार आवडतं, तरी पहिला पत्ता म्हणून सुचवणार नाही. कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा त्याचं एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं अगम्य रूप होतं, आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. डॉट इन घ्या, पैसे उरले तर भारत जोडीला.

कंसातला

जागेसाठी गिटहब पेजेस. फुकट, स्वतःचं डोमेन जोडता येतं, साइटला १ जीबीची मर्यादा. तुम्ही २० एमबीत बसाल. काळा पडदा लागत नाही, घाबरू नका. खातं काढा, रिपॉझिटरी म्हणजे खातेवही समजा, ती सार्वजनिक ठेवा, आणि फोल्डरातल्या फाइली माउसने ओढून ब्राउझरमध्ये टाका. फोल्डर नव्हे, फोल्डरातला माल, नाहीतर इंडेक्स एक पायरी आत जाईल. मग सेटिंग्जमध्ये पेजेस चालू करा. बदल दिसायला मिनिट-दोन मिनिटं जातात, तेवढ्यात "बिघडलं" म्हणून पुन्हा पुन्हा चढवू नका. तरी जुनंच दिसलं तर कंट्रोल-एफ५.

दर महिन्याची यादी बदलायची तर तेवढी एकच फाइल ओढायची. जुन्या आवृत्त्या तिथे राहतात, म्हणजे तुमचं इतिवृत्त आपोआप लिहिलं जातं.

वाचनालयवाली

"फोल्डर नव्हे, फोल्डरातला माल" हे चार वेळा वाचूनही मी फोल्डरच ओढलं. मग ४०४ (पान सापडत नाही) आलं. मग परत केलं.

पण झालं!! काल संध्याकाळी वाचनालयात सगळ्यांनी आपापल्या फोनवर उघडून पाहिलं. अध्यक्षांच्या फोनवर फोटो चेपलेला दिसत होता, एका जागी ते ८१२ राहिलं होतं, तिथल्या तिथे सोर्समध्ये जाऊन काढलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, तू हे कधी शिकलीस? अर्धं इथे, अर्धं एंटर मारून मारून.

पत्ता खाली सहीत टाकला आहे. बघून सांगा.

जुना_खेळिया

पाहिलं. सुरेख झालंय. पाहुण्यांचा आकडा नाही याचं थोडं वाईट वाटलं.

टंकदोष

ल आपला आहे. डोळे निवले.

भटकभवानी

फोटोंचं पान माझ्याकडे पटकन उघडलं. व्याख्यानमालेच्या तिसऱ्या फोटोत मागे बसलेल्या आजोबांची झोप फार आवडली.

माऊ

ताई, एक शंका. ब्राउझरच्या टॅबवर वर "अनटायटल्ड" असं इंग्रजीत दिसतंय, ते मुद्दाम आहे का?

वाचनालयवाली

थांबा.

वाचनालयवाली

चारही पानांवर आहे.